ग्रामयात्रा, तमाशा आणि ग्रामीण अर्थव्यवस्था : परस्परसंबंध

प्रस्तावना :
ग्रामीण समाजजीवनात मनोरंजन ही स्वतंत्र बाब नसून ती शेती, श्रद्धा व सामूहिक जीवन यांच्याशी निगडित असते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावाची पारंपरिक आर्थिक-सामाजिक रचना मांडली. त्या रचनेतील बलुतेदारी आज जवळजवळ संपुष्टात आली असली, तरी ग्रामदैवताची यात्रा टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रातील यात्रा व तमाशा यांच्या आर्थिक संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यात्रेचे अर्थकारण :
चैत्र-वैशाखात रब्बीची सुगी आटोपलेली असते, हाती थोडाफार पैसा असतो आणि खरिपास अवकाश असतो. बहुसंख्य गावांच्या यात्रा याच काळात भरण्यामागे हे कारण दिसते. यात्रा कमिटी घरटी लोकवर्गणी गोळा करते. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा व तमाशा यांचा खर्च त्यातून भागतो. मुंबई-पुण्यास नोकरीनिमित्त गेलेले चाकरमानी यानिमित्ताने गावी येतात व वर्गणीत भर घालतात. म्हणजेच शहरातील वेतनाचा काही अंश यात्रेद्वारे गावात परततो. खेळणी, मिठाई, भांडी विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांनाही त्यातून रोजगार मिळतो.

तमाशा फड व सुपारी :
पुणे जिल्ह्यातील नारायणगाव 'तमाशा पंढरी' म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पुढारी येऊन तारीख व सुपारीची रक्कम ठरवितात. यात्रेतील गण, गौळण, बतावणी व वग गावकऱ्यांना विनातिकीट पाहावयास मिळतात, कारण त्यांचे मोल गावाने सामूहिकपणे चुकविलेले असते. दुसरीकडे, कलावंतांना हंगामापूर्वी उचल द्यावी लागते व त्यासाठी फडमालक अनेकदा कर्ज काढतो.

जोखमीचे विषम वाटप :
पाऊस कमी झाला की वर्गणी घटते, वर्गणी घटली की सुपारी उतरते. शेतीतील तोट्याचा भार अशा प्रकारे शेत नसलेल्या कलावंतापर्यंत पोहोचतो. २५ मार्च २०२० रोजी, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षीचा व पुढे २०२१ चा यात्रा हंगामही बुडाला. उचल मात्र आधीच खर्च झालेली होती. पीक बुडाल्यास शेतकऱ्यास पीकविम्याचा काही आधार असतो, हंगाम बुडालेल्या फडास तसा आधार नसतो.

निष्कर्ष :
यात्रा ही केवळ करमणूक नसून गावातील पैसा, श्रम व नातेसंबंध यांना गती देणारी व्यवस्था होय. तिचा आनंद संपूर्ण गाव घेते, तथापि तिची जोखीम प्रामुख्याने कलावंत वाहतो. म्हणून लोककलेच्या संवर्धनाचा विचार पुरस्कार व महोत्सव यांपुरता मर्यादित न ठेवता फडांना अल्पव्याजी भांडवल व हंगामी विमा यांच्याशी जोडणे अगत्याचे आहे.