पडद्यावरचा कारखाना

बाष्पयंत्रांच्या काळांतील चालक यंत्राच्या शेजारींच उभा असे. नळाजवळ हात नेऊन तो उष्णतेचा अंदाज घेई, पंपाची खरखर त्याला दुरून ओळखूं येई, आणि दाबाचा कांटा पाहावयास मान वळविली कीं पुरे होई. आजचा चालक बहुधा बंद, थंड खोलींत बसतो. त्याच्यासमोर कांचेचा पडदा असतो. बोटाच्या एका स्पर्शानें पंप सुरू होतो, दुसऱ्यानें झडप मिटते. कारखान्याविषयीं त्याला जें कळतें तें बहुतांशीं या पडद्यावरूनच. परंतु पडदा म्हणजे खिडकी नव्हे. तें कोणी तरी काढलेलें चित्र आहे, आणि काढणाऱ्यानें जें गाळलें तें चालकाला दिसत नाहीं.

हें चित्र काढण्याची रीत आतां फार सोपी झाली आहे. पंप, झडपा व मापनाचीं उपकरणें पीएलसी नांवाच्या एका औद्योगिक संगणकाला जोडलेलीं असतात. प्रत्येक मापाला एक नांव देतात. त्याला या धंद्यांत ‘टॅग’ म्हणतात. पडदा रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें टाक्या, नळ, पंप यांचीं तयार चित्रें भरलेलीं असतात. त्यांतील टाकी उचलून पडद्यावर ठेवावी, तिला पातळीचा टॅग जोडावा, कीं खऱ्या टाकींत पाणी चढेल तसा चित्रांतील रंग वर सरकूं लागतो. मेख आहे ती या सोपेपणांतच. हाताशीं आहे म्हणून सर्व कांहीं पडद्यावर येतें, आणि हवें तेंच त्यांत हरवतें.

याचा प्रत्यय वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्सॅको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत २४ जुलै १९९४ रोजीं आला. सकाळच्या वादळांत वीज पडून तेथील काम विस्कळित झालें. त्यानंतर एका पात्रांत द्रव आंत येत राहिला. बाहेर जाण्याच्या वाटेवरील झडप नियंत्रणयंत्रणेच्या हिशेबीं उघडी होती; प्रत्यक्षांत ती मिटलेली होती. सुमारें पांच तासांनंतर स्फोट झाला. २६ जणांना इजा झाली. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं.

गच्चीवरील टाकी भरावयास लावून विसरणारें घर विरळाच असेल. समजा, पंप चालू आहे कीं नाहीं हें एका खोलींत कळतें आणि पाणी किती वापरलें जातें हें दुसऱ्या खोलींत. तर टाकी भरून वाहणार हें कोणाच्या लक्षांत येईल? मिलफर्ड हेवनच्या चालकांची स्थिति कांहींशी अशीच होती. समग्र प्रक्रिया एका दृष्टिक्षेपांत दाखविणारें चित्र त्यांच्यापाशीं नव्हतें. उलट, शेवटच्या अकरा मिनिटांत दोघां चालकांपुढें धोक्याच्या २७५ सूचना आल्या. म्हणजे सुमारें अडीच सेकंदांस एक! एवढ्यांतून महत्त्वाची कोणती, हें बृहस्पतीलाही सांगतां आलें नसतें. पुढें १९९९ सालीं ब्रिटनमधील ईमुआ या संघटनेनें मार्गदर्शिका काढली. तींत, बिघाड झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहांहून कमी सूचना याव्यात, असें प्रमाण सुचविलें.

झडपेची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ‘उघड’ अशी आज्ञा सुटली कीं चित्रांतील झडप हिरवी करणें रचनाकाराला सोपें वाटतें. पण आज्ञा सुटणें आणि झडप उघडणें या दोन भिन्न गोष्टी होत. झडपेच्या दांड्याजवळ लिमिट स्विच बसवून तिची खरी स्थिति निराळ्या टॅगनें आणावी लागते, आणि दोहोंत तफावत पडली तर ती ठळक दाखवावी लागते. खर्च थोडा वाढतो. तो टाळण्याकडे मालकांचा कल असतो, हें सांगावयास नकोच.

रंगांचेंही तसेंच. विकत घेणाऱ्याला भुरळ पडावी म्हणून फिरते पंखे, झळाळते नळ, निळेंहिरवें पाणी यांनीं पडदा सजविण्यांत येतो. जाणते रचनाकार मात्र पार्श्वभूमि फिकट राखाडी ठेवतात आणि तांबडा रंग संकटासाठीं राखून ठेवतात. कांहीं पुरुषांना तांबडा व हिरवा यांतील भेद दिसत नाहीं. म्हणून रंगाच्या जोडीला आकार किंवा अक्षरही देतात. नुसता ‘७२’ हा आंकडाही मुका असतो. त्याच्याशेजारीं योग्य मर्यादा दाखविणारी पट्टी आणि गेल्या तासाभराचा आलेख असला, तर पातळी चढते आहे कीं उतरते आहे हें नवख्यालाही कळतें.

स्पर्शाच्या पडद्याला आणखी एक पथ्य आहे. हातमोजे घातलेलें बोट जाड असतें. ‘सुरू’ आणि ‘बंद’ हीं बटणें एकमेकांस खेटून ठेवलीं तर भलतेंच दाबलें जातें. धोक्याच्या क्रियेपूर्वीं पडद्यानें एकदां पुन्हां विचारावें; प्रत्येक क्रियेपूर्वीं विचारूं नये, नाहीं तर चालक न वाचतांच होकार देऊं लागतो. यंत्र तात्काळ थांबविण्याचें छत्रीसारखें तांबडें बटण मात्र पडद्यावर काढून भागत नाहीं. तें यंत्रापाशींच असावें लागतें आणि त्याची जोडणी पडद्यावर अवलंबून ठेवीत नाहींत. पडदा विझला तरी तें दाबतां येतें.