कल्पनेतला रेणू, परीक्षानळीतला रेणू

क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, हे पीएच.डी.च्या एका विद्यार्थ्याच्या हातून गवसले. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात १९४३ साली अल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा तरुण तळघरातील प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचे नमुने तपासत असे. एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला वाढू देत नाही असे दिसले, की त्यामागील मारक द्रव्याचा माग काढायचा, ही त्याच्या कामाची रीत होती. खत घातलेल्या मातीच्या नमुन्यातून आणि एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातून त्याला हवा तो सूक्ष्मजीव मिळाला. पुढे १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र त्याचे मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन यांना एकट्यांना देण्यात आले. आपला वाटा मान्य करून घेण्यासाठी शॅट्झला त्यापूर्वीच न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. पीएच.डी.चे संशोधन म्हणजे केवळ ग्रंथालयातील टिपणे, असा समज असणाऱ्यांनी ही हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी.

मातीतून औषध शोधण्याची ही रीत पुढील वीस-पंचवीस वर्षे चांगलीच फळाला आली. आपल्याकडे पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील शास्त्रज्ञांनी बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या शास्त्रीय नावात पिंपरी गाव कायमचे जाऊन बसले आहे. परंतु कालांतराने मातीतून तीच ती ज्ञात द्रव्ये पुनःपुन्हा हाती येऊ लागली. दुसरीकडे जीवाणू औषधांना दाद देईनासे झाले. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत घेतलेले औषध जीवाणूला मारत नाही, उलट तरबेज करते. २०१९ या एकाच वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज पुढे एका व्यापक पाहणीत मांडला गेला.

नवी औषधे हवीत, आणि ती जुन्यांच्या चुलतभावंडांसारखी नकोत. कारण एका भावाला ओळखणारा जीवाणू दुसऱ्यालाही चटकन ओळखतो. मग शोध घ्यायचा कोठे? औषध होऊ शकतील अशा लहान रेणूंची संख्या एकावर साठ शून्ये मांडल्यावर जी होईल तितकी असावी, असा एक अंदाज सांगितला जातो. साऱ्या मानवजातीने दिवसरात्र खपून एकेक रेणू तयार करून पाहायचे म्हटले, तरी या संख्येचा कोपराही झिजणार नाही. संगणकाची मदत येथे घेतली जाऊ लागली.

पहिली पायरी ओळखण्याची होती. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेम्स कॉलिन्स, रेजिना बार्झिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,३३५ रेणू ई. कोलाय या जीवाणूवर प्रत्यक्ष तपासले. कोणता रेणू जीवाणूची वाढ रोखतो आणि कोणता रोखत नाही, ही माहिती त्यांनी संगणकाला पुरवली. या उदाहरणांवरून शिकलेल्या संगणकाला मग सुमारे सहा हजार इतर रेणू दाखवण्यात आले. त्यांतून त्याने जो निवडला, तो मुळात मधुमेहासाठी अभ्यासला गेलेला रेणू होता. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातील हॅल या संगणकावरून त्याचे नाव हॅलिसिन ठेवले गेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात, अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग हॅलिसिनने उंदरांमध्ये बरा करून दाखवला. तथापि येथे संगणकाने नवे काही रचले नव्हते. पाखडून ठेवलेल्या धान्यातून नेमका दाणा वेचावा, तसे ते काम होते.

रचण्याचे काम त्याहून वेगळे आहे. ते समजण्यासाठी रेणूकडे भाषेच्या दृष्टीने पाहणे सोयीचे ठरते. रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ‘स्माइल्स’ नावाची एक लेखनपद्धती तयार केली. तीत रेणू हा अक्षरांच्या ओळीसारखा लिहिला जातो. मद्यार्काचा रेणू या पद्धतीत ‘सी-सी-ओ’ असा लिहितात : दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. हायड्रोजनचे अणू लिहीत नाहीत. वाक्यातील कर्ता कधी कधी अध्याहृत असतो, तसे ते अध्याहृत मानले जातात. लाखो वाक्ये वाचून पुढचा शब्द कोणता यावा हे संगणक शिकतो. तसाच लाखो रेणू ‘वाचून’ तो नवे रेणू ‘लिहू’ लागतो. अशा प्रणालीला सर्जक कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

२०१८ साली हार्वर्ड विद्यापीठातील अ‍ॅलन अस्पुरू-गुझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेचे एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. सुमारे अडीच लाख रेणू वाचलेल्या त्यांच्या प्रणालीने प्रत्येक रेणूला जणू एका नकाशावर जागा दिली. सारख्या गुणांचे रेणू या नकाशात शेजारी-शेजारी येतात. दोन ज्ञात रेणूंच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले, की त्या जागी कोणता रेणू असू शकेल हे प्रणाली लिहून दाखवते. पण मोकळ्या जागेवर लिहिलेले सारेच ग्राह्य नसते. कार्बनला चार हात असतात. नवखी प्रणाली कधी त्याला पाचवा हात देऊन मोकळी होते. ही व्याकरणाची चूक झाली. ती सुधारली तरी भागत नाही. ‘दगडाने झोप उकळून प्यायली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्याला अर्थ नाही. तसा एखादा रेणू नियमात बसतो आणि कोणत्याही रोगावर उपयोगी पडत नाही. याहून मोठी अडचण तिसरी. कागदावर सुंदर दिसणारा रेणू प्रयोगशाळेत तयारच करता येत नाही.

या तिसऱ्या अडचणीवरचा एक उपाय मुख्यतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या कामातून पुढे आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स झो आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात जोनाथन स्टोक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या या प्रणालीचे नाव ‘सिंथेमॉल’. २०२४ च्या मार्च महिन्यात ती प्रसिद्ध झाली. तिला अणू जोडून मनाला येईल तो रेणू रचण्याची मुभाच दिलेली नाही. बाजारात मिळणारे सुमारे १ लाख ३२ हजार लहान रासायनिक घटक आणि खात्रीच्या १३ रासायनिक अभिक्रिया, एवढेच सामान तिच्या हाती ठेवले. वाण्याकडे मिळेल त्याच जिन्नसांतून आणि स्वतःला येते त्याच कृतीने स्वयंपाक करायचा, असा हा बेत होता. एवढ्या सामानातूनही सुमारे तीन हजार कोटी रेणू संभवतात! त्यांपैकी आशादायक वाटांवरच प्रणाली पुढे सरकते. बुद्धिबळपटू सर्व चाली न तपासता निवडक चालींचाच विचार करतो, तसे. नऊ तासांच्या आत तिने सुमारे पंचवीस हजार रेणू सुचवले, आणि प्रत्येकासोबत तो तयार करण्याची कृतीही दिली.

लक्ष्य होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी हा जीवाणू. रुग्णालयांत दबा धरून बसणारा आणि आधीच खचलेल्या रुग्णाला गाठणारा हा जीवाणू अनेक औषधे पचवून बसलेला आहे. संशोधकांनी यादीतील ७० रेणू निवडून युक्रेनमधील एका रासायनिक कंपनीकडे तयार करण्यास दिले. त्यांपैकी ५८ तयार होऊन आले. जीवाणूंवर तपासल्यावर ६ प्रभावी ठरले. या सहांपैकी चार पाण्यात विरघळेनात, म्हणून उंदरांवर विषारीपणाची चाचणी फक्त दोघांची होऊ शकली. ते दोन्ही निर्धोक वाटले. पंचवीस हजारांपासून दोनापर्यंतची ही उतरंड नीट पाहण्याजोगी आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत पहिली संख्या शोभून दिसते. औषधाच्या दृष्टीने शेवटची मोलाची.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कॉलिन्स यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी सर्जक प्रणालींकडून ३ कोटी ६० लाखांहून अधिक रेणू रचवून घेतले. परमा या रोगाच्या जीवाणूसाठी एका उपयुक्त तुकड्याभोवती रेणू बांधण्यात आले. छाननीअंती सुमारे ८० रेणू उरले, पण तयार करता आले ते दोनच. त्यांतील एनजी-१ हा प्रभावी निघाला. जीवाणूच्या बाह्य आवरणाच्या बांधणीत भाग घेणाऱ्या एका प्रथिनावर तो घाला घालतो. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूसाठी मात्र प्रणालीला मोकळीक दिली होती. तेथे तयार केलेल्या २२ रेणूंपैकी ६ प्रभावी ठरले आणि डीएन-१ या रेणूने उंदरांच्या त्वचेवरील संसर्ग नाहीसा केला.

या सर्व कामात विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हेही सांगितले पाहिजे. संगणकापुढे बसणे हा त्याचा एक भाग. संगणक ज्या उदाहरणांवरून शिकतो, ती आधी कोणीतरी प्रयोगशाळेत मिळवावी लागतात. सिंथेमॉलसाठी सुमारे तेरा हजार रेणू जीवाणूंवर तपासावे लागले होते. शहाण्णव लहान खळ्यांच्या तबकडीत जीवाणूंचे द्रावण घालायचे, प्रत्येक खळीत वेगळा रेणू सोडायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी खळी गढूळ असेल तर जीवाणू वाढला, निवळ असेल तर तो रोखला गेला. गढूळ खळ्याच अधिक असतात. त्यांचीही नोंद तितक्याच निष्ठेने करावी लागते, कारण काय निरुपयोगी आहे हे न शिकलेली प्रणाली उपयोगी काय तेही सांगू शकत नाही. या अर्थाने शॅट्झच्या तळघरातील काम संपलेले नाही, त्याची जागा मात्र बदलली आहे.

रेणू रचण्याची ही शक्ती दुधारी आहे. २०२२ साली अमेरिकेतील एका लहान औषधसंशोधन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एक अस्वस्थ करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांची प्रणाली विषारी रेणू टाळण्यास शिकवलेली होती. त्यांनी तो नियम उलटा केला. सहा तासांच्या आत प्रणालीने ४० हजार घातक रेणूंची यादी दिली. तीत व्हीएक्स हे ज्ञात युद्धविषही होते, जरी ते तिला शिकवलेले नव्हते. शास्त्रज्ञांनी यांतील एकही रेणू तयार केला नाही.

पदार्थविज्ञानाच्या क्षेत्रातही हीच लाट आलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकरचना संगणकाद्वारे सांगितल्या आणि त्यांपैकी ३ लाख ८० हजार सर्वांत स्थिर मानल्या. पुढील वर्षी अँथनी चीथम आणि राम शेषाद्री या दोन पदार्थवैज्ञानिकांनी त्या यादीची चिकित्सा केली. नवीनता, विश्वसनीयता आणि उपयुक्तता या तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या रचनांचा पुरावा तीत फारसा आढळत नाही, असे त्यांनी परखडपणे लिहिले. संख्येचे कौतुक होत असताना कोणीतरी असे विचारणे आवश्यकच होते.

औषधाच्या वाटेवर आणखी एक अडसर आहे आणि तो रसायनशास्त्राचा नाही. नवे प्रतिजैविक जपून, शेवटचा उपाय म्हणून वापरावे लागते. रुग्ण ते काही दिवसच घेतो. त्यामुळे विक्री थोडी होते आणि चाचण्यांचा अवाढव्य खर्च भरून निघत नाही. प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला अमेरिकेत २०१८ साली परवानगी मिळाली. ते तयार करणाऱ्या अकाओजेन या कंपनीने पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज केला. एनजी-१ आणि डीएन-१ हे रेणू उंदरांपर्यंत पोहोचले होते. त्यांत आवश्यक ते फेरफार करून त्यांना पुढील चाचण्यांसाठी सिद्ध करण्याचे काम म्हणूनच नफ्यासाठी न चालणाऱ्या एका संस्थेच्या साहाय्याने हाती घेण्यात आले.