लक्ष लागत नाही, म्हणून सिगारेट?



वस्तीतल्या आरोग्य तपासणीत आम्ही तरुण मुलांना विचारतो, 'सिगारेट का ओढतोस?' मित्रांमुळे, टेन्शनमुळे, सहज म्हणून, अशी उत्तरं येतात. पण पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी काही मुलं वेगळंच सांगतात. "ताई, एक मारल्याशिवाय अभ्यासात डोकंच लागत नाही." याला बहाणा समजून झटकू नका. त्यात थोडं खरं आहे आणि बरीच फसवणूक आहे.

खरं एवढंच, की धुरातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. तिथे डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि थोडा वेळ तरतरी वाटते. फसवणूक पुढे आहे. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं. मग चुळबुळ होते, चिडचिड होते, पुस्तकावर मन ठरत नाही. सवय लागलेल्या मुलाला वाटतं, आपलं लक्षच कमजोर आहे. खरं तर ती तंबाखूची तलफ असते. पुढची सिगारेट मागच्या सिगारेटने पाडलेला खड्डा भरते, एवढंच. तंबाखू मळणाऱ्याचं, मावा-खर्रा खाणाऱ्याचंही हेच होतं.

आधीपासूनच लक्ष लागत नसेल तर?

काही मुलांची अडचण मात्र तंबाखूच्या आधीची असते. तिला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मूल एका जागी बसत नाही, ऐकलेलं अर्ध्यात विसरतं, वह्या-डबे हरवतं, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतं. काही मुलं, विशेषतः मुली, दंगा करत नाहीत. नुसत्या हरवल्यासारख्या बसतात, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ही लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असतात, घरी आणि शाळेतही दिसतात आणि सहा महिन्यांहून जास्त टिकतात. हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे. तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. आईच्या लाडाने किंवा बापाच्या धाकाअभावी तो होत नाही.

अशी मुलं इतरांपेक्षा लवकर तंबाखूकडे वळतात आणि त्यांना ती सोडणं जास्त जड जातं. निकोटीनने घटकाभर डोकं शांत झाल्यासारखं वाटतं, आणि तिथेच ती अडकतात.

पण प्रत्येक चुळबुळ्या मुलाला एडीएचडी नसतो. झोप पुरत नसेल, रक्त कमी असेल, नजर किंवा कान कमजोर असेल, घरात दारू आणि मारझोड असेल, तरी लक्ष उडतं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि वर टीव्ही, तिथे कुणाचं लक्ष लागेल? म्हणून तपासणी आधी, शिक्का नंतर.

शिक्का मारणारे भरपूर आहेत. 'वस्तीतली पोरं अशीच' म्हणून मुलाला मागच्या बाकावर बसवलं जातं. मग नापास, मग टपरी, मग शाळा बंद. बाबासाहेबांनी शिक्षणासाठी जन्म झिजवला, आणि आपलं हुशार लेकरू एका न झालेल्या तपासणीमुळे शिक्षणाबाहेर पडतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. शाळेत पथक येईल तेव्हा पालकांनी हा प्रश्न हक्काने विचारावा. एरवी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यावं. तिथे जाणं म्हणजे वेडं ठरणं नव्हे.

सोडायचं कसं?

तारीख ठरवा, पण परीक्षेचा आठवडा नको. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात. दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरत जातो. या काळात लक्ष आणखी उडेल, ते धरूनच चाला. अभ्यास वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून करा, मध्ये उठून चाला.

तलफेची लाट काही मिनिटांत उतरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, टपरीचा रस्ता बदला. विहारात आनापानसती शिकला असाल, तर श्वासाकडे बघत ती लाट येताना-जाताना पाहा. पाचवं शील आपण रोज घेतो. त्यातला 'पमाद' हा शब्द बेसावधपणाबद्दलच आहे. मात्र ध्यान हा औषधाला पर्याय नाही.

निकोटीनचं च्युइंगगम मिळतं. ते सतत चावायचं नाही. थोडं चावून गालात धरायचं. 18 वर्षांखालच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एडीएचडीचं औषध चालू असेल, तर तंबाखूबद्दल डॉक्टरांना खरं सांगा. दोन्हींनी नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो. औषध मनाने सुरू किंवा बंद करू नका. दोन्ही त्रास असतील, तर दोन्हींवर एकत्र उपचार घ्या. 'आधी सिगारेट सोड, मग बघू' यात मूल हरतं.

भरतीची तयारी करणाऱ्यांनो, 1600 मीटर धावायचं आहे. सिगारेट थांबवल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि रक्त पुरेसा प्राणवायू वाहू लागतं.

घराने काय करावं?

पोराला तंबाखूची पुडी आणायला पाठवू नका. आईची मिश्री आणि बापाची बिडी चालू असताना मुलाला दिलेला दम पोकळ ठरतो. 18 वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीही चालत नाही. महाराष्ट्रात 2020 पासून सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर बंदी आहे. तरी टपरीवर सगळं मिळत असेल, तर विहार समितीने आणि महिला मंडळाने मिळून तक्रार द्यावी. एकट्या आईवर ते टाकू नये.

मूल पुन्हा ओढताना दिसलं, तर मारू नका, टोमणे देऊ नका. एका प्रयत्नात सुटणारे थोडेच असतात. कुठल्या वेळी, कुणाबरोबर, कशामुळे ओढली ते विचारा आणि नवी तारीख ठरवा.

तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोन : 1800-112-356. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस : 14416. हे दोन्ही नंबर विहाराच्या फळ्यावर आणि अभ्यासिकेच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा.