एक शिक्का, अख्खं पॅनेल? तुमचं मत नेमकं कसं मोजलं जातं?

'पॅनेल टू पॅनेल टाका', 'एकच चिन्ह लक्षात ठेवा', 'क्रॉस करू नका'. सातारा-सांगलीत कारखान्याची किंवा पालिकेची निवडणूक लागली की ही वाक्यं कानावर पडतातच. पण मतमोजणीच्या टेबलावर 'पॅनेलला मत' असा प्रकार असतो का?

थोडक्यात उत्तर: नाही. आपल्याकडे मत मोजलं जातं ते जागेनुसार आणि उमेदवारानुसार.

मग एका शिक्क्यात सगळी मतं कुठे देता येतात?

अमेरिकेतल्या काही राज्यांत. मिशिगन किंवा अलाबामात पक्षाच्या नावापुढे एकच खूण केली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. मिशिगनमध्ये एखाद्या पदासाठी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारापुढे वेगळी खूण केली, तर त्या पदापुरती ती खूण धरली जाते. टेक्सासने मात्र 2020 च्या निवडणुकीपासून ही सोय बंद केली.

महापालिकेत काय होतं?

2018 मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत 20 प्रभागांतून 78 नगरसेवक निवडले गेले. म्हणजे 18 प्रभागांत प्रत्येकी चार आणि दोन प्रभागांत प्रत्येकी तीन जागा. चार जागांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती असतात आणि प्रत्येकीसाठी वेगळं बटण दाबावं लागतं. 'नोटा'ही प्रत्येक जागेला स्वतंत्र असतो.

त्यामुळे 'अ' जागेला एका पक्षाचं आणि 'ब' जागेला दुसऱ्या पक्षाचं बटण दाबलं, तरी दोन्ही मतं वैध. पण एकदाच चिन्ह दाबून सगळ्या उमेदवारांना मत गेलं, असं समजू नका. ते मत फक्त त्या एका जागेचं असतं. सगळ्या जागांचं मतदान होऊन बीप वाजेपर्यंत तुमचं मतदान पूर्ण झालेलं नसतं.

नगरपालिकेत?

तिथे नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जात असेल, तर त्या पदाचं आणखी एक मत असतं. 2016 मध्ये कराडमध्ये भाजपच्या रोहिणी शिंदे नगराध्यक्ष झाल्या, पण नगरसेवकांत सर्वाधिक जागा जनशक्ती आघाडीच्या आल्या. त्याच वेळी इस्लामपूरमध्ये (आताचं ईश्वरपूर) विकास आघाडीचे निशिकांत पाटील नगराध्यक्ष झाले, पण नगरसेवकांत आघाडीला स्पष्ट बहुमत मिळालं नाही. दोन्ही मतं वेगळी मोजली जातात, म्हणूनच असे निकाल लागू शकतात.

आणि साखर कारखान्यात?

सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात जास्तीत जास्त 21 संचालक असू शकतात. त्यात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांना प्रत्येकी एक जागा असते. मतदान मतपत्रिकेवर होत असेल, तर गटागटाच्या मतपत्रिका वेगळ्या असतात.

इथे घोळ होतो तो शिक्क्यांच्या संख्येत. महिला गटात दोन जागा आहेत, तर दोनच शिक्के मारायचे. तिसरा मारला की ती मतपत्रिका बाद. त्यातली पहिली दोन मतंही वाचत नाहीत. एकच शिक्का मारला तर मात्र ते मत धरलं जातं. एक मतपत्रिका बाद झाली म्हणून बाकीच्या गटांतली तुमची मतं बाद होत नाहीत.

कराड-वाळवा पट्ट्यातल्या कृष्णा कारखान्यात 2021 मध्ये सहकार पॅनेलने सर्व 21 जागा जिंकल्या. तो निकाल एकतर्फी होता, पण कागदावर ते 21 उमेदवारांचे 21 वेगळे विजय होते.

म्हणजे पॅनेलला मत देणं चूक आहे का?

अजिबात नाही. पॅनेल पटलं, तर सगळी मतं त्यालाच द्या. फक्त प्रत्येक जागेला ती वेगळी द्यावी लागतात. आणि एखाद्या जागेवर दुसरा माणूस योग्य वाटला, तर त्याला मत दिल्याने तुमची बाकीची मतं वाया जात नाहीत. 'क्रॉस केलं की मत बाद' असं कुणी सांगितलं, तर ते खरं नाही.

मतदानाला जाताना एवढं लक्षात ठेवा: जागा किती आहेत ते आधी बघा, मतपत्रिका असेल तर शिक्के मोजा आणि मशीन असेल तर बीप ऐकूनच बाहेर पडा.