सहकाऱ्याला निरोप देताना

संस्थेच्या वार्षिक अहवालात आकड्यांना मानाचे स्थान असते. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, कोणते यंत्र कोणाच्या देणगीतून उभे राहिले, हे सर्व आपणांस या पानांवर वाचावयास मिळते. सेवकवर्गातील बदलांची नोंद मात्र बहुधा एका वाक्यात आटोपते : ‘पुढील कर्मचारी या वर्षी सेवानिवृत्त झाले, त्यांना संस्थेतर्फे शुभेच्छा.’ त्या एका वाक्यात तीस-तीस वर्षांच्या रात्रपाळ्या सामावलेल्या असतात.

रुग्णालयातून एखादी व्यक्ती कशी जाते, हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. तिच्या जाण्याने रुग्णाच्या उपचारात खंड पडतो की नाही, तिच्या म्हातारपणाची सोय वेळेवर लागते की नाही आणि मागे राहणारे सहकारी या संस्थेत मन लावून काम करतात की नाही, हे त्या निरोपावर अवलंबून असते. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांचाही या गोष्टीशी संबंध येतो. म्हणूनच या विषयाची थोडी सविस्तर मांडणी येथे करीत आहोत.

निवृत्ती आणि पूर्ती

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ असे म्हणत नाहीत, ‘येतो’ असे म्हणतात. निघणाऱ्याच्या हातावर दही घालण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. संबंध तुटत नाही, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. निमंत्रणपत्रिकांवर ‘सेवानिवृत्ती’ऐवजी ‘सेवापूर्ती’ हा शब्द छापतात, त्यामागेही हाच विचार आहे. निवृत्तीत थांबण्याचा अर्थ आहे, तर पूर्तीत हाती घेतलेले काम तडीस नेल्याचा.

परंतु पूर्ती हा शब्द पत्रिकेवर छापल्याने ती होत नाही. आमच्या मते तिचे तीन भाग आहेत : काम नीट सोपविले जाणे, संस्थेकडील देणे पूर्ण चुकते होणे आणि केलेल्या कामाबद्दल नेमके शब्द ऐकावयास मिळणे. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांचा क्रम या तिन्हींनंतर येतो.

रुग्णाला आधी कळले पाहिजे

डायलिसिस विभागाचे उदाहरण घेऊ. मूत्रपिंडे निकामी झालेला रुग्ण आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा येतो आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राशी जोडलेला असतो. वर्षानुवर्षे त्याच्या हातावरील फिस्टुलामध्ये सुई घालणारा तंत्रज्ञ एकच असेल, तर त्या हाताची ओळख तंत्रज्ञाला झालेली असते. सुई कोठे सहज जाते, कोणती जागा आता टाळावयाची, यंत्रावर असताना तिसऱ्या तासाला या रुग्णाचा रक्तदाब उतरतो का, अंगात पाणी नसतानाचे त्याचे वजन अलीकडे किती धरावयाचे, हे सर्व त्याला ठाऊक असते. यातील बरेच केसपेपरवर लिहिलेले असते, काही मात्र त्याच्या बोटांत आणि स्मरणात असते.

असा तंत्रज्ञ एके सकाळी दिसला नाही आणि ‘ते गेले’ एवढेच उत्तर मिळाले, तर रुग्णाच्या मनात भीती निर्माण होते. नव्या हाताखाली तो अंग चोरतो, कधी एखादी पाळी चुकवितो. पाळी चुकविणे डायलिसिसच्या रुग्णास जिवावर बेतू शकते. यास्तव जाणाऱ्याने स्वतः रुग्णाला किमान दोन-तीन आठवडे आधी सांगावे, नव्या सहकाऱ्याची नावानिशी ओळख करून द्यावी आणि शेवटच्या काही पाळ्यांत सुई नव्या सहकाऱ्याने घालावी, जुन्याने शेजारी उभे राहावे. कर्करोगाचे रुग्ण, क्षयाचे दीर्घ उपचार घेणारे आणि उपशामक उपचार विभागातील रुग्ण यांच्या बाबतीतही हेच लागू पडते.

सर्वांत मोठी पाळीबदल

रुग्णालयात दररोज पाळी बदलते आणि प्रत्येक वेळी एक परिचारिका दुसरीला रुग्णांची माहिती देते. या देवघेवीत राहून गेलेली गोष्ट रुग्णाला महागात पडू शकते. म्हणूनच २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय जगापुढे मांडले, त्यांत रुग्ण सोपविताना होणाऱ्या संवादाचा स्वतंत्र समावेश होता. एखादी व्यक्ती कायमची जाते, तेव्हा ही तिची अखेरची आणि सर्वांत मोठी पाळीबदल असते. रोजच्या पाळीबदलात राहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येतो, येथे तशी सोय नसते.

डॉक्टर आणि परिचारिका यांच्या कामाची नोंद तरी असते. परंतु ज्यांना सारे रुग्णालय ‘मावशी’ आणि ‘मामा’ म्हणून हाक मारते, त्यांच्या ज्ञानाची नोंद कोठेच नसते. पावसाळ्यात कोणत्या खिडकीखालची खाट सरकवावी लागते, वीज गेल्यावर स्ट्रेचर कोणत्या उताराने न्यावयाचे, एकट्या राहणाऱ्या वृद्धेला जेवण भरविताना तिच्याशी कोणत्या विषयावर बोलावे म्हणजे ती दोन घास अधिक खाते, हे त्यांना माहीत असते. निवृत्तीपूर्वीच्या महिन्यात कोणीतरी त्यांच्यासोबत बसून हे विचारावे आणि वहीत उतरवून घ्यावे. वही उपयोगी पडतेच. शिवाय, आपण जे जाणतो ते विचारण्याजोगे आहे, हे त्या व्यक्तीला कदाचित प्रथमच समजते.

देणे चुकते करणे

या अहवालाच्या ताळेबंदात ‘उपदान तरतूद’ असे एक कलम आपण पाहिले असेल. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम देण्याचे बंधन घातले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच प्रमाण कायम आहे. हिशेबासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. गणनेस पात्र असे अखेरचे मासिक वेतन १८,००० रुपये आणि सेवा तीस वर्षे असेल, तर ही रक्कम सुमारे ३ लाख ११ हजार रुपये होते. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावयाची असते.

आयुष्यभर फरशी पुसलेल्या बाईच्या हाती एकरकमी पडणारे हे बहुधा सर्वांत मोठे धन असते. त्यातून घराचे छप्पर होते, कर्ज फिटते, मुलीचे शिक्षण पुरे होते. समारंभात तिच्या गळ्यात हार घालावयाचा आणि या रकमेसाठी पुढे सहा महिने लेखा विभागाच्या दारात तिला बसवून ठेवावयाचे, हा निरोप नव्हे. तरतुदीचे हे कलम वाचताना, येथे गुंतविलेला पैसा उपचारांतून काढून घेतलेला नाही, तो आधीच झालेल्या रुग्णसेवेचे राहिलेले मोल आहे, असे देणगीदारांनी समजावे ही विनंती.

भविष्यनिर्वाह निधी आणि त्यासोबतच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेचा लाभ मात्र आपोआप मिळत नाही. दहा वर्षांची पात्र सेवा झालेल्यास वयाच्या ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतन मिळते, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. तेथे एक साधीच अडचण वारंवार आडवी येते. सेवापुस्तकात लग्नापूर्वीचे नाव, आधार पत्रावर लग्नानंतरचे, बँकेच्या पासबुकात तिसरेच स्पेलिंग आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी न जुळणारी, असा प्रकार स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत विशेष आढळतो. ही कागदपत्रे जुळविण्यास महिने लागतात. म्हणून नीट निरोपाची सुरुवात निवृत्तीच्या दिवसाआधी किमान सहा महिने झाली पाहिजे. नावे, वारसाची नोंद आणि बँक खाते तपासून घेण्यात लिपिकाने घालविलेली एक दुपार ही कोणत्याही भेटवस्तूहून मोलाची आहे.

समारंभ कसा असावा

समारंभ साधा असावा, परंतु वेळ विचारपूर्वक ठरवावी. सकाळी अकरा वाजता सभागृहात कार्यक्रम ठेवला, तर विश्वस्त येतात आणि ज्यांच्यासोबत तिने काम केले त्या परिचारिका वॉर्डात अडकून राहतात. दुपारी पाळी बदलताना ठेवला, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्यांना येता येते. रात्रपाळीच्या सहकाऱ्यांसाठी वॉर्डातच पाच मिनिटे काढावीत.

बोलणाऱ्यांत किमान एक व्यक्ती प्रत्यक्ष सोबत राबलेली असावी. ‘कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व सेवाभावी’ ही विशेषणे कोणालाही लागू पडतात, त्यामुळे ती ऐकणाऱ्याच्या मनात टिकत नाहीत. ‘नव्या मुलींना शिरेतून सुई लावावयास यांनी शिकविले आणि पहिल्यांदा हात थरथरला तेव्हा कोणासमोर बोलल्या नाहीत’ हे एक वाक्य घरी नेता येते. जे बोलावयाचे ते खरे असावे. ज्यांच्याशी मतभेद झाले त्यांच्याविषयीही एखादी खरी चांगली गोष्ट सापडते, ती शोधण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

मान सर्वांना सारखा असावा. मुख्य शल्यचिकित्सकांना व्यासपीठ आणि सफाई कामगाराला कार्यालयातच लिफाफा, असे असू नये. स्त्री कर्मचाऱ्यांना निरोप देताना ओटी भरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागील भाव चांगलाच आहे, परंतु विधवा परिचारिकेला वगळले जाते किंवा अन्य धर्माच्या भगिनीस अवघडल्यासारखे होते. यास्तव संस्थेच्या समारंभात एकच रीत सर्वांसाठी असावी. व्यक्तिगत स्नेहातून कोणी घरी काय करावे, हा त्यांचा प्रश्न आहे. कुटुंबीयांना अवश्य बोलवावे, कारण त्यांच्या सणावारांचे दिवस त्या ड्यूटीवर गेलेले असतात.

जे मध्येच जातात

सर्वच जण वयोमानाने जात नाहीत. तरुण परिचारिका आखाती देशांत किंवा इंग्लंडला जातात, तंत्रज्ञ मोठ्या शहरातील रुग्णालयात जातात. अशा वेळी वरिष्ठांच्या मनात नाराजी येते आणि ती कागदांवर उतरते. अनुभव प्रमाणपत्र लांबते, कार्यमुक्ती पत्र अडते. परिचारिकेच्या पुढील नोंदणीसाठी ही कागदपत्रे अत्यावश्यक असतात, त्यांच्या विलंबाने तिची संधी हुकू शकते. राजीनामा दिलेल्याचे शिल्लक वेतन दोन कामकाजी दिवसांत देण्याचे बंधन २०१९ च्या वेतन संहितेने घातले आहे. ते पाळावेच, शिवाय जाताना ‘येथे काय बदलले असते तर आपण थांबला असता?’ हे शांतपणे विचारावे. जाणाऱ्याकडून मिळणारे उत्तर राहणाऱ्यांच्या कामी येते. सन्मानाने गेलेली व्यक्ती काही वर्षांनी परतून येऊ शकते आणि येताना अनुभव घेऊन येते.

कंत्राटी सुरक्षारक्षक व सफाई कामगार यांची नावे आमच्या हजेरीपटावर नसतात. कंत्राट संपले की ते एका रात्रीत दिसेनासे होतात. रुग्णाला स्ट्रेचरवर घेण्यास धावलेले हात कोणाच्या हजेरीपटावर होते, हे रुग्ण पाहत नाही. त्यांनाही नावाने निरोप दिला जावा.

आणि काही सहकारी सेवेत असतानाच हे जग सोडून जातात. त्यांच्यासाठी शोकसभा होते, दोन मिनिटे शांतता पाळली जाते. त्यांना दिलेला खरा निरोप त्यांच्या घरी पोहोचतो. मृत्यूच्या प्रसंगी उपदानासाठी पाच वर्षांच्या सेवेची अट लागू नसते, हे पुष्कळ कुटुंबांना माहीत नसते. ते सांगण्यासाठी आणि अर्ज भरून घेण्यासाठी संस्थेच्या माणसाने त्यांच्या घरी जावे, कुटुंबाला खेटे घालावे लागू नयेत.

आपला सहभाग

रुग्णांच्या नातेवाइकांस एक विनंती आहे. ज्या सिस्टर, मामा किंवा मावशी आपल्या माणसाच्या आजारपणात लक्षात राहिल्या, त्यांच्याविषयी दोन ओळी लिहून कार्यालयात द्याव्यात. रोख बक्षिशी नको. तारीख, वॉर्ड आणि त्यांनी नेमके काय केले, एवढे पुरे. ही पत्रे त्यांच्या सेवापुस्तकासोबत जपून ठेवता येतात आणि निरोपाच्या दिवशी वाचून दाखविता येतात. विश्वस्तांस विनंती अशी की, येत्या वर्षभरात सेवापूर्ती होणाऱ्यांची यादी वर्षारंभीच सभेपुढे मागवावी आणि प्रत्येक नावापुढे कागदपत्रे, उपदान व काम सोपविण्याची व्यवस्था या तीन बाबींची स्थिती विचारावी. देणगीदारांनी इमारत व यंत्रे यांच्याइतकेच या तरतुदीकडेही आपुलकीने पाहावे.

रुग्णालयात येणारा प्रत्येक नवा कर्मचारी जुन्याला कसे पाठविले जाते हे पाहत असतो. आपलाही दिवस असाच येणार, हे त्याला कळते. त्या दिवसाविषयी त्याच्या मनात धास्ती नसेल, तर आजच्या रात्रपाळीत रुग्णाच्या हाकेला तो अधिक निश्चिंत मनाने उठेल.