गाडी नावावर, वेग ट्रॅकवर

तुमच्या घरातही असा एक जण असेलच. रस्त्यावरून गाडी गेली की न बघता, नुसत्या आवाजावरून तो तिचं नाव सांगतो. मोबाइलवर तासन्‌तास जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळतो. नवी गाडी खिशाला परवडत नाही, पण दहा वर्षांची एखादी दणकट सेडान मिळाली तर तिला घासूनपुसून, सजवून पळवायची, हे त्याचं स्वप्न असतं. कदाचित तो 'एक जण' तुम्हीच असाल!

हा नाद वाईट नाही. मात्र त्यात दोन ठिकाणी माणूस हमखास फसतो. एक, गाडी घेताना. दोन, ती पळवताना. दोन्ही ठिकाणी फक्त पैसे नाही, तर घरच्यांची सुरक्षितताही पणाला लागते. म्हणून आज आपण कोलकात्याच्या बालीगंजमध्ये फिरून येऊ. जुन्या गाड्या, वेगाचं वेड आणि पावसाचं पाणी, या तिन्ही गोष्टी इथं एकत्र भेटतात.

बालीगंजला गाड्यांचा इतिहास आहे

बालीगंजमधल्या गुरुसदय रोडवर बिर्ला औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे. एकेकाळी हे बिर्ला कुटुंबाचं राहतं घर होतं. १९५९ मध्ये तिथं संग्रहालय सुरू झालं आणि त्यात वाहतुकीचं स्वतंत्र दालनही आहे. याच बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा कारखान्यात अ‍ॅम्बेसेडर बनवली. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी १९५७ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं तयार होत होती.

पूर्वी बालीगंज सर्क्युलर रोड म्हणून ओळखला जाणारा रस्ता आज प्रमथेश बरुआ सरणी आहे. तिथं ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ ईस्टर्न इंडियाचं कार्यालय आहे. मोटारमालकांच्या या संघटनेची सुरुवात १९०४ सालची. थोडं उत्तरेला गेलात की मल्लिकबाजार लागतो. जुन्या गाडीचा आरसा, दिवा, गिअरबॉक्स, काय हवं ते इथं शोधायचं. मुंबईकरांनी कुर्ल्याचा सीएसटी रोड आठवावा, तसंच काहीसं!

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. कोलकात्यात टॅक्सींना ही मर्यादा १५ वर्षांची आहे. त्यामुळे पिवळ्या अ‍ॅम्बेसेडर टॅक्सीही झपाट्याने कमी होत आहेत. ज्या गाड्यांत आपलं बालपण गेलं, त्या दिसेनाशा होऊ लागल्या की त्यांची ओढ आणखी वाढते. जुनी गाडी घेणारा बऱ्याचदा गाडीपेक्षा आठवण विकत घेत असतो. आणि विकणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं.

वेगाची जागा कोणती?

भारतात हौशी मोटार रेसिंग वाढलं ते विमानांच्या धावपट्ट्यांवर. कोलकात्याजवळ बराकपूर, मुंबईत जुहू आणि मद्रासजवळ शोलावरम या धावपट्ट्यांवर शर्यती व्हायच्या. लोक रोजच्या वापरातल्या फियाट, हेराल्ड, अ‍ॅम्बेसेडर घेऊन यायचे, रात्री जागून इंजिन खोलायचे आणि सकाळी शर्यतीत उतरायचे.

आज शर्यतींसाठी खास सर्किट आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथलं ३.७ किलोमीटरचं सर्किट १९९० चं. कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५ किलोमीटरहून मोठं, २०११ मध्ये सुरू झालेलं. आपल्या कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग करून कितीतरी मुलांनी रेसिंगची बाराखडी गिरवली आहे.

तुम्हाला वाटेल, हे सगळं श्रीमंतांचं काम. पण नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला, त्याची सुरुवात झाली होती ती फॉर्म्युला मारुतीतून. त्या छोट्या रेसिंग कारमध्ये इंजिन होतं आपल्या घरगुती मारुती ८०० चं!

सामान्य माणसाला परवडतील असे काही प्रकार आजही आहेत.

• टीएसडी रॅली: टाइम, स्पीड, डिस्टन्स. इथं सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक पाळायचा असतो. लवकर पोहोचलात तरी दंड आणि उशीर झाला तरी दंड. एकाने चालवायचं, दुसऱ्याने हिशेब करायचा. नवरा-बायको किंवा बाप-लेक अशा जोडीला मस्त जमतं, आणि घरची साधी गाडी चालते.

• ऑटोक्रॉस: मोकळ्या मैदानावर आखलेल्या मार्गावर एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. समोरून कुणी येत नाही, त्यामुळे धोका कमी आणि शिकायला खूप मिळतं.

• कार्टिंग: वेगाची पहिली चव घ्यायला सर्वांत स्वस्त जागा. ब्रेक कधी दाबायचा आणि वळण कसं कापायचं, हे इथं कळतं.

भारतातल्या मोटारस्पोर्टचं नियंत्रण एफएमएससीआय ही संस्था करते. तिच्या मान्यतेची स्पर्धा असली की लायसन्स, हेल्मेट, गाडीची तपासणी आणि रुग्णवाहिका हे सगळं नियमात येतं. नाव देण्याआधी आयोजकांना मान्यतेबद्दल नक्की विचारा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. तुमच्या गाडीच्या नेहमीच्या विम्यात रेसिंग आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. ट्रॅकवर पत्रा चेपला तर तो खर्च तुमचा.

आणि जी जागा नाही, ती ही

३ जून २०१८ चा रविवार. कोलकात्याचे काही शौकीन आपल्या महागड्या गाड्या घेऊन सकाळी फेरफटका मारायला निघाले होते. परतताना हावड्याजवळ महामार्गावर एक फेरारी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि ती चालवणाऱ्याचा जीव गेला. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये काय घडलं, ते वेगळं सांगायला नको. अल्पवयीन मुलाच्या हाती पोर्शे होती आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. पहिल्या घटनेतला माणूस जाणता शौकीन होता, दुसरीतला मुलगा कायद्याने स्टिअरिंगला हात लावण्याच्याही वयाचा नव्हता. पण रस्ता दोघांसाठीही रस्ताच होता, ट्रॅक नव्हता.

सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पालकांनो, चावी कुठं ठेवता, ते आजच बघा.

कुठंतरी पाणी मुरतंय!

आता खरेदीकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कोलकात्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. एकट्या बालीगंजमध्ये काही तासांत सुमारे २६४ मिलिमीटर पाणी पडलं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. मुंबईने २६ जुलै २००५ ला हेच पाहिलं होतं. तेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

अशा पावसानंतर बुडालेल्या गाड्यांचं काय होतं? काही भंगारात जातात. काही धुऊन, वाळवून, सुगंध मारून पुन्हा बाजारात येतात, आणि बऱ्याचदा दुसऱ्या शहरात. इंजिन चालू होतं, रंग चकाकतो. सहा महिन्यांनी एकेक वायर, एकेक सेन्सर जीव सोडू लागतो. म्हणून गाडी बघायला गेलात की हे करा.

• सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. खालच्या टोकाला चिखलाची रेघ किंवा डाग दिसला तर गाडी पाण्यात गेली होती असं समजा.
• पायाखालचं मॅटिंग उचला. सीटच्या पट्ट्यांवर आणि बोल्टवर गंज आहे का, ते बघा.
• डिकीतली स्टेपनी काढून त्या खड्ड्यात हात फिरवा. तिथं गाळ बसलेला सापडतो.
• गाडीत शिरल्या शिरल्या अत्तराचा भपकारा आला तर खुश होऊ नका. कुबट वास कशाने झाकलाय, ते शोधा.

'शौकिनाची गाडी' दोन प्रकारची असते

'शौकिनाने जपलेली गाडी' असं जाहिरातीत वाचून आपण हुरळतो. काही शौकीन गाडी पोटच्या पोरासारखी जपतात. वेळेवर ऑइल बदलतात, प्रत्येक बिलाची फाइल ठेवतात. दुसरे शौकीन तिला पिळून काढतात. दोघांच्याही गाड्या बाहेरून सारख्याच चकचकीत असतात! फरक ओळखायचा तो असा.

गाडी थंड असतानाच चालू करा. तुम्ही पोहोचण्याआधी इंजिन गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल पितंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढं सरकत नाही, म्हणजे क्लच संपला.

टायरवर चार आकड्यांचा कोड असतो. २३२१ म्हणजे २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. 'फक्त वीस हजार किलोमीटर चाललीय' म्हणणाऱ्या गाडीचे चारही टायर कोरे असतील, तर मीटर मागे फिरवलंय का याची शंका घ्या. प्रत्येक काचेवरही बनवल्याचं साल असतं. एकच काच वेगळ्या सालाची दिसली तर ती का बदलली, ते विचारा.

गाडी स्पर्धेत वापरलेली असेल तर आत पत्र्यावर रोलकेज बसवल्याची भोकं किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसू शकतात. ब्रेक डिस्क निळसर पडलेली असते, टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेले असतात. स्पर्धेत उतरणं हा काही गाडीचा गुन्हा नाही. पण ते लपवणं हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे, आणि किंमत त्या हिशेबानेच ठरली पाहिजे.

शेवटी १,०००-२,००० रुपये देऊन आपला स्वतःचा मेकॅनिक सोबत न्या. दलालाने सुचवलेला नको.

सर्वांत महत्त्वाचा भाग: कागद

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं. कागद बिघडले तर वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे विकणाऱ्यांनीही नीट वाचा.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं एक प्रकरण आहे. एकाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढं आणखी काही हात फिरली. पण आरसी बुकवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याच्या नजरेत मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी दोन वर्षांपूर्वी विकून मोकळा झालेला माणूस मोकळा झालाच नव्हता!

म्हणून नोंदी करून घ्या.

• फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी हस्तांतर वेळेत करा. त्याच राज्यात विकत असाल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत.
• कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा.
• विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज करा. जुन्या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' किती आहे, तेही बघा. गेल्या काही वर्षांत क्लेम झाला का, हे त्यावरून कळतं.
• डीलरमार्फत विकत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदणी असलेला आहे ना, याची खात्री करा. एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे. गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की पुढची जबाबदारी त्याची.
• खासगी गाडी १५ वर्षांची झाली की फिटनेस तपासून नोंदणी नव्याने करावी लागते. त्याचं शुल्क ५,००० रुपये. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. स्वस्त गाडीच्या किमतीत हा आकडा आधीच मिळवा.

बदलीवर असाल तर

हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात येणारी अनेक मराठी कुटुंबं बँक, रेल्वे किंवा केंद्र सरकारच्या नोकरीमुळे कोलकात्यात आलेली असतात. तीन-चार वर्षांसाठी जुनी गाडी घेणं शहाणपणाचंच. पण परत जाताना ती सोबत न्यायची की इथंच विकायची, हे घेतानाच ठरवा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते, नवा रस्ता कर भरावा लागतो आणि जुन्या कराचा परतावा मागत फिरावं लागतं. पात्र असाल तर 'बीएच' मालिकेच्या नंबरचा विचार करा. २०२१ मध्ये सुरू झालेली ही सोय वारंवार बदली होणाऱ्यांसाठीच आहे.

तर मग, घ्यायची का जुनी गाडी?

जरूर घ्या! जुन्या गाडीने चालवायला शिकवलं, दुरुस्त करायला शिकवलं, असं सांगणारे कितीतरी लोक तुमच्याही आजूबाजूला असतील. फक्त पहिला आठवडा फेरफटक्यासाठी ठेवू नका, आरटीओसाठी ठेवा. आरसीवर तुमचं नाव लागलं की मग घरच्यांना घेऊन एखाद्या टीएसडी रॅलीत नाव नोंदवा. हिशेबाची वही मात्र घरातल्या सर्वांत शांत माणसाच्या हातात द्या!