खेळाच्या संगणकाचा जीर्णोद्धार आणि त्याचे अंदाजपत्रक

घरातील सात-आठ वर्षांपूर्वीचा संगणक नव्या खेळांपुढे अडखळू लागला, म्हणजे तो मोडीत काढावा की त्यातील एक-दोन भाग बदलून त्याचे आयुष्य वाढवावे, हा प्रश्न आता अनेक मध्यमवर्गीय घरांत उपस्थित होतो. आणि फी, घरभाडे, औषधपाणी यांची तरतूद झाल्यावर जी काही जुजबी रक्कम हाती उरते, तिचा विनियोग बहुधा जाहिरातीतील नावाच्या दबदब्यावर सोपविला जातो. माझ्या मते, यंत्राची गती नेमकी कोठे कुंठित होते याची खातरजमा केल्यावाचून खरेदीची यादी करूच नये.

ही तपासणी विनाखर्च होते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटावयाची, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. प्रोसेसरने पात्रांच्या हालचालींचा व टकरींचा हिशेब करावयाचा आणि ग्राफिक कार्डाने त्याबरहुकूम चित्र रंगवावयाचे, या दोन्ही कामांपैकी जे या मुदतीत उरकत नाही, ते सगळ्या खेळाला खोळंबून ठेवते. म्हणून खेळाचे रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणून पाहावे: चित्रांची संख्या झपाट्याने वाढली तर कार्ड अपुरे पडत होते असे समजावे, आणि ती जागची हलली नाही तर दोष बहुधा प्रोसेसरकडे जातो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर निम्माच दिसतो म्हणून कित्येक जण त्याला निर्दोष ठरवितात. परंतु खेळाचा मुख्य भार एक-दोन कोअरवरच पडत असेल, तर बाकीचे रिकामे असूनही काम अडते.

उदाहरणादाखल रायझन ५ १६०० हा २०१७ सालचा प्रोसेसर, बी ४५० मदरबोर्ड, आठ जीबीची एकच रॅमकांडी आणि जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असा संच घेऊ. येथे सर्वांत स्वस्त सुधारणा रॅमची आहे. त्याच जातीची दुसरी कांडी घेऊन दोन्ही योग्य खाचांत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत, बसविल्या की ड्युएल चॅनल चालू होऊन स्मृतीची वाट दुप्पट रुंद होते. मात्र बायोसमध्ये रॅमचा जाहीर वेग लागू करणारी एक्सएमपीची नोंद चालू केली नाही, तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० च्याच वेगाने चालत राहते. जुनी हार्ड डिस्क असल्यास साधी साटा एसएसडीही खेळ उघडण्याचा वेळ कमी करते. चित्रांची संख्या मात्र तिच्यामुळे सहसा वाढत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत या संचाचे भाग्य थोर म्हटले पाहिजे. एएम४ हे सॉकेट इतके दीर्घकाळ टिकले की, २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० त्याच बोर्डावर बसतो. कोअर दोहोंतही सहाच, पण नव्याच्या प्रत्येक कोअरची कार्यक्षमता कितीतरी अधिक, शिवाय पहिल्या पिढीचे रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत ही अडचणही दूर होते. फक्त बायोसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच चढवावी, आणि त्या वेळी संगणक यूपीएसवर असावा, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याचा धोका असतो. एएम५ कडे वळू पाहणाऱ्याला मात्र नवा बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही घ्यावी लागते, आणि मग अंदाजपत्रक कोलमडते. इंटेलच्या मालकांनी तर अधिक जपावे: ११५१ हे एकाच नावाचे सॉकेट असूनही सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांना आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतरीत्या चालत नाही.

मोठी रक्कम अर्थात ग्राफिक कार्डावर जाते, आणि येथे किमतीखेरीज दोन बाबी पाहाव्या लागतात. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्वस्त वाटते, परंतु त्याची स्मृती चार जीबीची आणि बोर्डाशी जोडणी अवघ्या चार लेनची. बी ४५० वर पीसीआय एक्सप्रेस ३.० ची वाट असल्याने ते आणखी मंदावते. आठ जीबीचे व आठ लेनचे आरएक्स ६६०० तेथे फारसे अडत नाही, म्हणून थोडे थांबून, पैसे साठवून तेच घेणे मला श्रेयस्कर वाटते. दुसरी बाब एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या भागाची. १०५० टीआयची गरज ७५ वॅट, आणि त्याची कित्येक मॉडेल स्लॉटमधूनच वीज घेतात; आरएक्स ६६०० ला सुमारे १३२ वॅट लागतात व एसएमपीएसकडून आठ पिनांची स्वतंत्र केबल द्यावी लागते. कॅबिनेटबरोबर मिळालेल्या हलक्या एसएमपीएसला ती पुष्कळदा नसते, आणि मग मोलेक्सला कन्व्हर्टर जोडून वेळ निभावण्याची तजवीज सुचविली जाते. ती साफ नाकारावी. वीजपुरवठ्यातील बिघाड पुष्कळदा बोर्ड, कार्ड व डिस्क यांनाही घेऊन जातो. काटकसर करावयाची तर ती कॅबिनेटच्या काचेत आणि रंगीत दिव्यांत करावी.

नव्याऐवजी जुने कार्ड घ्यावयाचे, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद पडल्यावर त्यात राबलेली कार्डे जुन्या बाजारात उतरली. ती सारीच टाकाऊ नव्हेत. परंतु लॅमिंग्टन रोडच्या बाजारात घ्या की ओळखीतून घ्या, समोर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून तापमान व पंख्यांचा आवाज पाहावा, मूळ बिल मागून घ्यावे आणि खोक्यावरील अनुक्रमांक कार्डावरील अनुक्रमांकाशी ताडून मगच पैसे मोजावेत.